लिफ्ट नसलेलं हॉटेल

मंदाताईंना वगळून कुठेतरी जायचं, ही इच्छा निरुपमाच्या मनात लग्न झाल्यापासून होती, आणि तेव्हापासूनच तिला त्या इच्छेची लाजही वाटत आली होती.

मंदाताई म्हणजे मंदाकिनी, तिची थोरली नणंद. त्यांचं लग्न राहूनच गेलं. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळलेली, धाकटा आनंद शाळेत. एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी करून त्यांनी घर ओढलं, आनंदला इंजिनीअर केलं. तो बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत लागला तेव्हा चाळीत घरोघर जाऊन पेढे वाटले. मग स्वतःकडे बघायला फुरसत मिळाली, तोवर दुसऱ्या कोणी बघायला येण्याचं वय उलटून गेलं होतं.

आनंद-निरुपमाचं लग्न झालं, महाबळेश्वरला जायचं ठरलं. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "मंदालाही न्या रे. तिनं कुठं काय पाहिलंय? मी राहीन दोन दिवस शेजारणीच्या जिवावर." त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. नव्या नवरीनं 'नको' कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिघं गेली. खोलीत एक जादा गादी घातली गेली. पुढे सासूबाई गेल्या, मोहना झाली, माउंट अबू झालं, द्वारका झाली, कंपनीच्या पैशानं केरळ झालं. दर वेळी हॉटेलवाल्याला फोनवर सांगायचं वाक्य ठरलेलं होतं, "एक एक्स्ट्रा बेड लागेल." मंदाताई लवकर झोपत आणि त्यांची झोप सावध होती. आनंद खोकला तरी त्या विचारत, "पाणी देऊ का रे?"

मंदाताई वाईट असत्या, तर किती सोपं झालं असतं. पण त्यांच्याच जिवावर निरुपमानं बी.एड. केलं. मोहनाच्या टायफॉइडमध्ये त्या रात्र-रात्र जागल्या. निरुपमा सकाळच्या शाळेला निघायची तेव्हा हातात डबा त्यांनीच ठेवलेला असायचा, आजही असतो. अशा बाईबद्दल 'आता दोन दिवस नको' असं मनात येतं म्हणजे आपणच कोती, असं निरुपमानं स्वतःला कैकदा सुनावलं होतं. तरीही इच्छा मेली नव्हती.

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मोहना आता अहमदाबादला नोकरी करते. तिनं फोनवर जाहीर केलं, "दोन दिवस समुद्रावर, माझ्याकडून. हॉटेल आई निवडेल. तुम्ही फक्त बॅगा भरा."

'तुम्ही' म्हणजे दोघं की तिघं, ते तिनं सांगितलं नाही आणि निरुपमानं विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये मोबाइलवर हॉटेलं बघू लागली. तिथल या किनाऱ्यावरच्या गावातलं एक अतिथीगृह पहिल्यांदाच समोर आलं. सगळ्या खोल्या तळमजल्यावर, अंगणात झोपाळा, जेवण शुद्ध शाकाहारी, गावातली दोन्ही देवळं जवळ. जणू मंदाताईंच्या गुडघ्यांना विचारूनच बांधलं होतं. निरुपमानं ते झटकन बंद केलं आणि मग, कोणी बघितलं का, म्हणून आजूबाजूला पाहिलं. दुसरं दमणचं होतं. समुद्राकडे तोंड करून उभं, तीन मजली, काचेची लिफ्ट, खाली बार. सज्जात दोन खुर्च्या. फोटोत बरोब्बर दोनच खुर्च्या होत्या. अभिप्रायांत कोणी पोहे गार होते म्हणून कुरकुरलं होतं, कोणी रात्री गाणी मोठ्यानं लावतात म्हणून. तिनं मनात म्हटलं, हेच.

कारण उघड होतं. गुजरातेत दारूबंदी, दमणला नाही. बडोद्यात कोणी 'दमणला चाललो' म्हटलं की समोरचा डोळा मिचकावतो. तिथे समुद्रही आहे हे कोणाला आठवत नाही. मंदाताई एकादशी करणाऱ्या. दमणचं नाव ऐकताच त्या आपणहून मागे सरतील, कोणी काही बोलायला नको, कोणी दुखवायला नको.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. आनंदची कळी खुलली. "दमण? अरे वा! ऑफिसात सांगितलं तर चार जण गाडीत येऊन बसतील."

"खाली बार आहे म्हणे हॉटेलात," निरुपमा वरणाच्या पातेल्यात डाव फिरवत म्हणाली. "ताई, तुम्हाला तिथं कसंतरीच होईल."

मंदाताईंनी भात कालवला. "मला काय व्हायचंय? पिणारे पितील, मी समुद्र बघेन. आनंद घेतो का नाही तेवढं मात्र बघेन."

"ताई!" आनंद हसला.

"हसू नकोस. दिवाळीत पाठकांकडून आलास तेव्हा वेलदोडा खाल्ला होतास. वेलदोड्याचा वास मला ओळखता येतो."

सगळी हसली. निरुपमाही हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, "पण लिफ्ट नाहीये हो ताई. खोली तिसऱ्या मजल्यावर. मी फोन करून विचारलं, खालची एकही रिकामी नाही."

तिनं फोन केलाच नव्हता. एवढं सराईत खोटं आपल्याला कधीपासून यायला लागलं, या विचारानं तिचा घास तोंडातच राहिला.

मंदाताईंनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिसरा म्हणजे जरा उंचच झाला," एवढंच म्हणाल्या. आनंद म्हणाला, "दुसरं बघ की मग." निरुपमा म्हणाली, "मोहनानं पैसे भरलेसुद्धा." ते मात्र तिनं दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन करून खरं करून घेतलं. माणसं किती, या रकान्यात दोन. मोहनानं विचारलं, "आणि आत्या?" निरुपमा म्हणाली, "त्यांना नाही झेपणार गं." हे खोटं नव्हतं, असं तिनं स्वतःला समजावलं.

त्यानंतर मंदाताई दमणचा शब्द काढेनात. निरुपमाला वाटलं, मिटलं. मंदाताई चिवडा करायला घेतील, सूचना देतील, दाराशी उभ्या राहून हात हलवतील. आपल्याला दोन दिवस वाईट वाटेल, मग आल्यावर त्यांना एखादी साडी घेऊ. अपराधाची किंमत तिनं अशी आधीच ठरवून टाकली होती.

शनिवारी परीक्षेमुळे शाळा लवकर सुटली. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातली त्यांची इमारत जुनी, तीनच मजल्यांची, यांचा फ्लॅट खाली. निरुपमा स्कूटर लावत होती, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भानुबेन भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या. तीस वर्षं मराठी शेजार असल्यामुळे भानुबेन अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलायच्या.

"निरुबेन, तुमच्या मंदाबेन तर बहु हिंमतवाल्या हं!"

"का? काय झालं?"

"लो, तुम्हाला ठाऊकच नाही? तुम्ही शाळेत गेल्या की त्या रोज दादर चढतात, हा आपला जिना. पहेला दिवसे एकच माळा. मग बसून गेल्या. आता तर छेक वर, माझ्या दारापर्यंत येतात! मी म्हटलं, मंदाबेन, आ शुं? तर म्हणे, दमणच्या हॉटेलमां लिफ्ट नथी, प्रॅक्टिस करते. म्हणे, निरूला सांगू नका. ऐन वेळी चढून दाखवीन, तिला सरप्राइज." भानुबेन खळखळून हसल्या. "या उमरमां! मी रोज चहा तयार ठेवते."

निरुपमानंही हसल्यासारखं केलं. किल्ली स्कूटरलाच राहिली, ती परत येऊन काढावी लागली.

जिन्यात पावलं वाजत होती. एक पाऊल, मग कठड्यावर बांगड्यांचा आवाज, मग दुसरं. ती खालीच उभी राहिली. वर जाऊन 'ताई, थांबा' म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण 'का थांबू?' असं त्यांनी विचारलं असतं. निरुपमा चपला हातात घेऊन घरात शिरली, दार अलगद लोटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. बऱ्याच वेळानं मंदाताई आल्या. चेहरा घामानं डवरलेला, लाल, आणि कधी नव्हे इतका खुशीत. "लवकर आलीस? मी जरा भानुबेनकडे गेले होते," म्हणाल्या, आणि आत जाऊन गुडघ्याला तेल चोळू लागल्या. तेलाचा वास घरभर पसरला.

संध्याकाळी सांगायचं, असं निरुपमानं ठरवलं. लिफ्ट आहे, मी खोटं बोलले, तुम्हीही चला, तिसरं नाव घालते. मनातल्या मनात तिनं वाक्यं जुळवली. पण संध्याकाळी मोहना आली. तीही न कळवता. आईबाबांची बॅग भरून द्यायला.

चहा व्हायच्या आतच तिनं मोबाइल काढला. "आत्या, इकडे ये. हॉटेलचा व्हिडिओ बघ. ही काचेची लिफ्ट! वर जाताना समुद्र दिसतो, कसली भारी आहे ना?"

आनंदनं चष्मा वर केला. "लिफ्ट आहे? निरू, तू तर म्हणालीस..."

निरुपमाच्या हातात चहाचा ट्रे होता. तो कुठे ठेवायचा हेच तिला सुचेना. मंदाताईंनी मोबाइल जवळ घेतला, डोळे बारीक केले, आणि शेवटपर्यंत सगळा व्हिडिओ पाहिला. मग तो मोहनाच्या हातात दिला.

"अरे, ती बंद पडलीय," त्या आनंदला म्हणाल्या. "निरूनं फोन केला तेव्हा हॉटेलवाल्यानंच सांगितलं. मला म्हणाली होती ती. फोटोत काय, सगळंच चालू असतं."

"असं होय," आनंद म्हणाला, आणि बिस्किटाकडे वळला.

"अरेरे आत्या, नाहीतर तूही गेली असतीस," मोहना म्हणाली.

"छे गं. मला कुठं झेपायला? रविवारी भानुबेनकडे भजन आहे. आणि पंचवीस वर्षांनी तरी दोघांना जाऊ द्या की एकटं. आण गं निरू चहा, गार होतोय."

त्यांनी निरुपमाकडे पाहिलंही नाही, की टाळलंही नाही. ट्रेमधला कप उचलताना नेहमीसारखा खाली हात धरला, थेंब सांडू नये म्हणून.

रात्रीची भांडी आवरताना दोघीच स्वयंपाकघरात होत्या. निरुपमानं ओट्याला टेकून सुरुवात केली, "ताई, मी..."

"बोलू नकोस." मंदाताई फडक्यानं कढई पुसत होत्या. "तू बोललीस की मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. माफ केलं म्हणावं लागेल. ते आज जमायचं नाही."

"मी रद्द करते. नाहीतर तुमचं नाव घालते. आत्ता घालते, मोबाइलवर होतं."

"आणि पोरीला काय सांगू? लिफ्ट रातोरात दुरुस्त झाली? मी तिच्यादेखत खोटं बोललेय, निरू. आयुष्यात पहिल्यांदा. ते आता उघडं पाडू नकोस." कढई त्यांनी जागेवर ठेवली. "महाबळेश्वरच्या वेळी मी आईला म्हटलं होतं, मला नको पाठवू. आई म्हणाली, तू नाही गेलीस तर ती नवी पोर रुसेल, म्हणेल नणंदेला माझं सुख बघवत नाही. म्हणून आले. रात्री तोंड भिंतीकडे करून पडायचे. नंतर तुम्हीच 'एक्स्ट्रा बेड' सांगायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला हवी आहे मी." त्यांनी फडकं झटकून वाळत घातलं. "एकदा सांगायचं होतंस. मीच हॉटेल शोधून दिलं असतं."

निरुपमा रडायला लागली. मंदाताईंनी तिला जवळ घेतलं नाही. एरवी घेतलं असतं. "डबा दोघांचाच करते," म्हणाल्या, आणि दिवा घालवून गेल्या.

दमणचा समुद्र ओहोटीला लागला होता. काळे खडक उघडे पडले होते आणि पाणी लांब कुठेतरी होतं. स्वागताच्या टेबलाशी चावी घेऊन आनंद वळला आणि थबकला. काचेची लिफ्ट दोन मुलांना घेऊन सुळकन वर चालली होती.

"अगं, चालू आहे की!" तो खूश होऊन म्हणाला. "दुरुस्त केलेली दिसते. थांब, ताईला फोन लावतो. जीव हळहळेल तिचा, पण पुढच्या वेळी तरी..."

"नको लावू," निरुपमा म्हणाली.

"का?"

हॉटेलचा माणूस बॅग घेऊन उभा होता. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, मुलं धावत बाहेर पडली. अजूनही, 'त्या झोपल्या असतील आत्ता' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मंदाताईंनी खोटं तिच्या हाती आयतं दिलं होतं. ते धरून दोन दिवस सहज निघाले असते, पुढचं सगळं आयुष्यही.

"ती बंद पडलेली नव्हतीच कधी," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. ताईंनी यायला नको म्हणून."

आनंदनं फोन खाली घेतला. "ताईला माहीत आहे?"

"व्हिडिओ बघितला तेव्हाच कळलं त्यांना. त्याआधी त्या जिना चढायचा सराव करत होत्या. रोज. माझ्या मागे."

आनंदनं फोन खिशात टाकला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण तो ओरडणाऱ्यांतला नव्हताच. त्यानं बॅगवाल्या माणसाच्या हातात चावी दिली आणि त्याला वर जायला खुणावलं. स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन पायरीवर बसला, समुद्राकडे तोंड करून. निरुपमा मागोमाग गेली आणि जरा अंतर सोडून बसली.

"मलाही वाटायचं," तो म्हणाला. "दोघांनीच जावं कुठेतरी असं. मी कधी म्हटलं नाही, तू म्हणशील म्हणून वाट बघितली." पुढे वाळूवर एक माणूस उंटाला घेऊन गिऱ्हाईक शोधत चालला होता. "आपण दोघांनी मिळून तिला पंचवीस वर्षं फसवलं म्हणायचं."

निरुपमाला या वाक्यानं हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ज्या एकांतासाठी तिनं एवढं केलं, तो इथे आता होता, आणि त्यात बोलायला दोघांकडेही मंदाताईंखेरीज दुसरं काही नव्हतं.

"परत जाऊ या का?" तिनं विचारलं.

"जाऊन काय सांगणार? डबा आहे ना बरोबर?"

"आहे."

तिनं पिशवीतून डबा काढला. थालीपीठं होती, तिखट-मिठाच्या पुऱ्या होत्या, लिंबाचं लोणचं वेगळ्या डबीत. आनंदनं पुरी उचलली, खाल्ली नाही, हातात धरून बसला. निरुपमानं आपल्याला एक घेतली आणि खाल्ली. मग दुसरी घेतली. दोघांना पुरून उरेल एवढं होतं.