पुढच्या सीटवरची पिशवी

आईला आठवड्यातून दोनदा गावाहून कल्याणला डायलिसिसला न्यायचं. काम एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलेलं.

मी राहते कोपरला, तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. आई पडून मांडीचं हाड मोडलं तेव्हा आत सळई घातली, तेव्हापासून तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. जिने तिला जन्मात चढता येणार नव्हते. म्हणून ती गावच्या घरी. कल्याणहून मुरबाड रस्त्याला लागायचं, गोवेली सोडली की आत वळायचं आणि खड्डे मोजत सहा किलोमीटर जायचं. एरवी शेजारची चुलतवहिनी तिचं बघायची. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून थेट गावी जायचे, दुसऱ्या दिवशी आईला घेऊन कल्याण गाठायचे. साहेब अर्धी रजा देताना असं तोंड करायचा, जणू मी दर आठवड्याला माथेरानला जातेय.

गाडीसाठी मी काय नाही केलं! एसटी करून बघितली. तिच्या पायऱ्या इतक्या उंच की कंडक्टरनं वरून आणि मी खालून धरून आईला पोत्यासारखं आत ओढलं. आई रडली त्या दिवशी. लग्नाला साडी नेसून जाणारी, कुणाचा हात न धरणारी बाई, आणि सगळ्या गाडीदेखत असं ओढून घेणं. पुन्हा मी एसटीचं नाव काढलं नाही. मोबाईलवर गाडी मागवायला गेलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. कल्याणचे रिक्षावाले जाण्यायेण्याचं भाडं मागायचे, वर उपकार केल्यासारखं, “मॅडम, उधर का रोड देखा है क्या?” देखा है बाबा, जन्मच तिकडचा आहे माझा. आठवड्यातून दोनदा स्पेशल गाडी करायची तर अर्धा पगार त्यातच गेला असता.

राहिली ती नाक्यावरची व्हॅन. सव्वासहाला सुटायची. म्हणजे भरली की सुटायची. सातजणांच्या गाडीत अकरा बसायचे, मागे कोथिंबिरीच्या जुड्या, टपावर भाजीची गाठोडी. त्यात पाय लांब सोडून बसता येईल अशी एकच जागा, ड्रायव्हरच्या शेजारची. ती आईला दोन महिने न चुकता मिळत आली. त्या सीटवर ड्रायव्हरचा टॉवेल पडलेला असायचा. आम्ही दिसलो की तो टॉवेल उचलून खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, “या आजी.” आपण लवकर निघतो म्हणून जागा मिळते, अशी माझी समजूत. आपल्याला काय, स्वतःचीच पाठ थोपटायची सवय.

त्या आठवड्यात घोळ झाला. मंगळवारी हॉस्पिटलमधल्या पाण्याच्या मशीनमध्ये काहीतरी बिघडलं. फोन आला, उद्या या. उद्या म्हणजे बुधवार. म्हणजे आईचं शेवटचं डायलिसिस होऊन पाच दिवस. मंगळवारी दुपारपासूनच तिला धाप लागायला लागली. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून भिंतीला टेकून बसायची. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, “साडेसातची शिफ्ट चुकवू नका. अर्ध्या तासावर मशीन मला धरून ठेवता येणार नाही, दुसरे पेशंट बसलेले असतात.” 

बुधवारी सहाला आम्ही नाक्यावर. आई वॉकर घेऊन चार पावलं टाकायची, थांबायची, तोंडानं श्वास घ्यायची. गाडी उभी होती. आणि पुढच्या सीटवर टॉवेल नव्हता, पिशवी होती. कापडी, धुवून विरलेली, तोंडाशी शेवग्याच्या शेंगा डोकावत असलेली.

माझं डोकंच फिरलं. डोंबिवलीत नाटकाला, लग्नाच्या पंगतीत, जिथं तिथं रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलेय. इथं तर शेवग्याच्या शेंगा सीटवर ऐसपैस बसलेल्या. मी दार उघडून पिशवी उचलली.

ड्रायव्हर टपावर गाठोडी बांधत होता. वरून ओरडला, “ताई, पिशवी हाय तिथं!”

“दिसतेय मला. पिशवीला मागे बसता येतं, माझ्या आईला नाही.”

तो दोरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग पुन्हा गाठ मारायला लागला.  मला वाटलं, जिंकले. आईला बसवलं, पाय सरळ करून दिला, वॉकर मागे टाकला आणि मधल्या सीटवर स्वतःला कोंबलं.

पाच मिनिटांनी वाडीच्या बाजूनं दोघी आल्या. एक भाजी विकणारी मावशी, तिला मी तोंडओळखीनं ओळखत होते. तिच्या अंगावर रेललेली एक पोर, पोटुशी, तिची सून. आठवा सरत आलेला असेल. पोरीचा चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, चपला पायात मावत नव्हत्या म्हणून त्या सासूच्या हातात. चालताना ती एका हातानं कपाळ दाबत होती.

मावशी पुढच्या दारापाशी आली आणि थांबली. आईकडे बघितलं, मग आत माझ्या पायाशी पडलेल्या पिशवीकडे.

“पिशवी ठेवली होती मी,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “हिचं डोकं दुखतंय रातपासून. डोळ्यापुढं अंधारी येतीय. अॅम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय.”

माझ्या शेजारची म्हातारी तेव्हा मला कोपरानं ढोसून म्हणाली, “अगो बाय, पुढल्या सीटवर धडधाकट मानूस काय ठेवत नाय. पिशवी असली म्हंजे आजारी मानूस येतंय. तुझ्या आईसाठी टावेल नाय ठेवत का तो? तुमचा वार मंगल-शुक्कर. आज कुनाला काय ठाऊक तुमी येनार!”

कान गरम झाले माझे. दोन महिने मी तो टॉवेल बघत होते. ह्या लोकांना वाटलं, मला माहीत आहे. माहीत असून मी पिशवी उचलली.

ड्रायव्हर खाली उतरला. “पोरीला आडवं करावं लागंल. मधली तीन-चार मानसं उतरा.” कुणी हललं नाही. एका सिक्युरिटीवाल्याची आठची ड्युटी, आदल्याच आठवड्यात त्याचा खाडा झालेला. एका मुलीचा पेपर. बाकीच्यांचा माल टपावर, आणि बाजार चुकला की भाजी गुरांना. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरंच होतं. घोळ माझा होता.

मी एकटी उतरून भागणार नव्हतं. कल्याणला आईला उतरवणार कोण, आणि एका सीटवर ती पोर मावणार कशी? असा हिशेब मी भराभर मांडला. आजही मांडते, आजही तो बरोबरच येतो, आणि आजही मला त्याची लाज वाटते.

तेवढ्यात पुढून आई म्हणाली, “मी उतरते.” दोन शब्दांना तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. तिनं दाराचा खटका चाचपायला सुरुवात केली.

मी मागून हात घालून तिचा खांदा दाबून धरला. “नाही उतरायचं.”

“अगं, पोरीच्या पोटात...”

“आई, गप्प बस. नाही उतरायचं म्हटलं ना!”

मी आईवर अशी कधी ओरडले नव्हते. ती पोर नाक्यावरच्या खांबाला धरून खाली बसली. घड्याळात साडेसहा झालेले. मावशीनं एकदा सुनेकडे बघितलं, एकदा आईच्या छातीकडे, ती कशी वरखाली होतेय ते. आणि ड्रायव्हरला म्हणाली, “जा तुमी. दुधाचा टेम्पो येल आता.”

मी पिशवी खिडकीतून तिच्या हातात दिली. तिनं घेतली.

  कल्याणपर्यंत आई खिडकीकडे तोंड करून बसलेली. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं पाठ पुढे घेतली.

मशीनला आई लागली तेव्हा शिफ्ट सुरू व्हायला पाच मिनिटं उरलेली. हाताला सुया टोचून झाल्या, मशीन फिरायला लागलं, तशी ती डोळे न उघडता म्हणाली, “इथं कशाला उभी आहेस? जा, त्या पोरीचं बघ.”

मी धावत खाली गेले. गेटवरच्या रिक्षावाल्यांच्या हातापाया पडले. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याला मागशील ते देते म्हणाले, तो तयार झाला. रिक्षात पाय टाकला तोच समोरून दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत आत शिरला. मागे हौद्यात कॅन बाजूला सारून गोणपाट अंथरलेलं, त्यावर ती पोर, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. वाटेत आकडीचा झटका येऊन गेलेला. ओठातून रक्त आलेलं. वॉर्डबॉयनं आणि मी मिळून तिला स्ट्रेचरवर घेतलं. तिचा हात इतका सुजलेला की हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. त्या कापायला कात्री शोधत नर्स धावली.

लगेच ऑपरेशन. बाहेर बाकावर मावशी, भिंतीला टेकून मी. बसायची माझी हिंमत होईना. मी एकदा पाणी आणलं, एकदा चहा. तिनं दोन्ही घेतलं आणि दोन्ही तसंच ठेवलं. मध्येच तिनं विचारलं, “आई लागली का मशीनला?”

“लागली.”

“बरं झालं.”

त्यापेक्षा तिनं माझ्या कानफटात दोन मारल्या असत्या तर परवडलं असतं. मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, हिला काही झालं तर मी काय तोंड दाखवू? आणि लगेच वाटायचं, बघा, इथंही मला स्वतःच्याच तोंडाची काळजी.

पाऊण तासानं नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. वजन फार कमी, काचेच्या पेटीत ठेवली होती. पोरीचं ब्लडप्रेशर अजून खाली येत नव्हतं, पण ती हाकेला ओ देत होती. “अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं,” नर्स म्हणाली आणि आत गेली.

मावशीनं पदर तोंडाला लावला. मला हुंदका आवरेना. मी तिच्यासमोर खाली फरशीवरच बसले.

“मावशी, माझं चुकलं हो. मला त्या पिशवीचं खरंच माहीत नव्हतं.”

तिनं डोळे पुसले, माझ्याकडे नीट बघितलं. “आन ठाऊक असतं तर? उतरवलं असतं का आईला?”

मी तोंड उघडलं. हो म्हणायला काय लागतं? पण ती पोर खांबाला धरून बसली होती तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. आणि माझा हात आईच्या खांद्यावर होता.

“नसतं उतरवलं,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. “मी बी नसतं उतरवलं,” ती म्हणाली, आणि बाकावर जरा सरकली.