आपल्याच पोराचा न्याय

“अख्खा हंगाम बोट बंद? नियमात आठच दिवस आहेत, बाबा.”

“ते इतरांसाठी. माझ्या पोराला आठ दिवसांवर सोडलं तर वाडी काय म्हणेल?”

“वाडी काय म्हणेल ते वाडीला म्हणू द्या ना.”

सहदेव मास्तर शर्टाची बटणं लावत होते आणि त्यांची लेक श्रुती दार अडवून उभी होती. देवळात गावकी जमत होती, आणि गावकीचे अध्यक्ष मास्तरच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय वाडीतली एकही बोट जाळं टाकत नाही. मास्तरांच्या मुलाने, प्रथमेशने, आदल्याच दिवशी इंजिन तपासायला म्हणून बोट काढली आणि बांगडा उसळताना दिसल्यावर त्याला राहवलं नाही. लपवलंही नाही त्याने. टोपलीभर बांगडे घेऊन भर वाडीतून घरी आला.

मास्तर म्हणजे लोण्यासारखा मऊ माणूस. शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, आणि अमेरिकेचं राज्य कसं उभं राहिलं ते असं सांगायचे, की जणू परवाच मिऱ्या बंदरावरून होडीने जाऊन आलेत. “समुद्रापलीकडचा राजा त्यांनी झुगारला, आणि मग धास्ती पडली ती आपल्यातलाच कोणी राजा होईल याची,” असं म्हणून वर्गाचे तीन गट पाडायचे. एकाने नियम करायचे, दुसऱ्याने राबवायचे, तिसऱ्याने न्याय द्यायचा. आणि कोणी मर्यादा सोडली तर बाकीच्यांनी त्याचा हात धरायचा. पोरं खरोखरच हात धरायची, ओढाताण व्हायची, मास्तर खूश.

निवृत्त झाल्यावर वाडीने त्यांना गावकीत बसवलं. भांडणारे भाऊ त्यांच्या ओटीवर येत, मास्तरांच्या बायकोच्या, कमलाकाकूंच्या हातचा चहा पीत आणि एकाच वाटेने घरी जात. हळूहळू नियमही मास्तरच करू लागले, ते मोडणाऱ्याला तेच गाठू लागले, शिक्षाही तेच सांगू लागले. कोणाची तक्रार नव्हती. मास्तर चांगले होते ना.

“नियम तुमचा, पकडणारे तुम्ही, शिक्षा देणारेही तुम्ही,” श्रुती हळूच म्हणाली. “आमचे तीन गट कुठे गेले, बाबा?”

“म्हणून तर कडक वागतोय गो. कोणी म्हणायला नको, बापूस पोराला पाठीशी घालतो.”

“कडक वागलात तरी मर्जी तुमचीच. हंगाम बुडाला तर दादा बोट विकून मुंबईला जाईल. आणि इथे तुमचं नाव होईल.”

आत कमलाकाकूंनी कपबशी जरा जोरातच ठेवली. लेकीच्या बाजूने की नवऱ्याच्या, ते कळायला मार्ग नव्हता. मास्तर चपला घालून निघाले. वाटेत लोक रामराम करत होते आणि मास्तरांना त्याचीच लाज वाटत होती.

देवळात प्रथमेश खांबाला टेकून, मान खाली घालून बसला होता. मास्तर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “पोरगा माझा आहे. हा न्याय माझा नाय. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा.”

कुजबूज झाली. आप्पा, जन्मभर बोट हाकलेला वाडीतला सगळ्यात जुना तांडेल, हसला. “मास्तर, एवढी वर्षं तुम्ही सांगायचं नि आम्ही माना डोलवायच्या. आता ठरवायचं कसं? तुमच्या मनात काय आहे, तेवढं तरी बोला.”

“मी इथे असलो तर तुम्ही माझ्याच तोंडाकडे बघाल,” मास्तर म्हणाले. एकवार पोराकडे पाहिलं आणि देवळाच्या पायऱ्या उतरून ते चालू लागले.