लाल ठिपक्याचा पेनड्राइव्ह

"माझ्यासमोर उघडा."

दुकानात पाऊल टाकल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नाही, पाणी नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून माझ्या टेबलाला गुडघे टेकतील इतक्या जवळ बसायचे आणि माझ्या हातांकडे बघत राहायचे. तोंडाकडे नाही, हातांकडे.

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संशयी गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल, पण आमचे हे बाबा म्हणजे त्या सगळ्यांचे आजोबा. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर राहायचे. तिथून घोडेगाव, मग जुन्नर, मग ओतूर, अशा तीन एसट्या बदलून यायचे. जवळ दुकान नव्हतं का, असं मी एकदा विचारलं.

"हाय की. पर तिथं समदी वळखीची," ते म्हणाले. "वळखीच्या मानसाला कुठं हात मारायचा ते बरूबर ठावं असतं."

चहा मागवला तर मी पहिला घोट घेईपर्यंत थांबायचे आणि मग माझाच ग्लास उचलायचे. त्यामुळे माझा उष्टा चहा ते प्यायचे आणि त्यांचा मी. चहावाल्याला याची फार मजा वाटायची.

पहिल्यांदा आले तेव्हा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला लॅपटॉप होता. एक बिजागरी मोडलेली, झाकण सुतळीनं बांधलेलं. उलटा केला तर खालच्या प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका.

"हे काय?"

"मेंढरांना लावायचा रंग. खूण असली म्हंजी बदलाबदली व्हत न्हाई."

लॅपटॉप मुलीचा, तिच्या कॉलेजातला. ती पुण्याला नोकरीला लागली, नवा घेतला आणि हा पेटीत पडून राहिला. आता चालू केला की निळा पडदा यायचा आणि तिथंच थांबायचा.

आत काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला मात्र आधीच सांगून टाकतो. बाबांची बायको वारली होती. मुलीनं कधीतरी गंमत म्हणून या लॅपटॉपवर आईचा व्हिडिओ काढला होता, मेंढरांना हाका मारताना. तिचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

मी रीतीप्रमाणे विचारलं, "आत काही महत्त्वाचं आहे का? फोटो वगैरे?"

"काय न्हाई," बाबा म्हणाले.

असं का म्हणाले ते मला पुढं कळलं. मेंढरांच्या बाजारात आपली आवडती मेंढी कोणती हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. तिच्याकडे बघायचंसुद्धा नसतं. जन्मभर पाळलेला हा नियम त्यांनी माझ्या दुकानातही पाळला.

मशीन जुनं होतं, विंडोज पेललं नसतं. मी म्हणालो, "लिनक्स टाकतो. चांगलं चालेल. आणि ते फुकट असतं."

हा शब्द मी उच्चारायला नको होता.

"फुकाट कोन देतं?"

"देशोदेशीची माणसं मिळून बनवतात आणि सगळ्यांना देतात."

"त्यास्नी मी म्हाईत हाय का?"

"नाही."

"मंग मला कशापायी देत्यात?"

मी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावायला गेलो तर त्यांनी तो मागून घेतला, उलटसुलट पाहिला आणि खिशातली डबी काढून त्यावरही एक ठिपका दिला. "आता लावा," म्हणाले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आल्याबरोबर माझा हात धरला. "मला वाचता येईल असं करा." मी जरा चिडूनच भाषा मराठी केली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, बोट लावून एकेक शब्द वाचायला लागला. मी भराभर पुढं चाललो होतो. हे काम मी रोज करतो, डोळे मिटून करतो.

"'डिस्क... पुसून... टाका.' ह्ये काय पुसताय?"

"जुनं सगळं. तुम्हीच म्हणालात ना, आत काही नाही?"

त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं बधिर झाली. मग मान खाली घालून म्हणाले, "आमची मंडळी हाय त्यात."

एक बटण दाबायचं राहिलं होतं, तेवढंच.

मी सगळं रद्द केलं. लिनक्स डिस्कवर न टाकता नुसतं पेनड्राइव्हवरूनही चालवता येतं आणि तसं चालवून जुन्या डिस्कमध्ये डोकावता येतं. डिस्क कुरकुरत होती. तीनदा अडकली, चौथ्यांदा उघडली. मुलीच्या नोट्स, परीक्षेचे फॉर्म आणि त्यात एक व्हिडिओ.

डोक्यावर पदर घेतलेली बाई जिभेनं टकटक करत होती, एकेकीला नावानं बोलावत होती. मेंढरं पळत येत होती. मग कॅमेऱ्याच्या मागं उभ्या कुणावर तरी ती खेकसली, "नुसतं हुबं काय ऱ्हायलाय? मोजा की!"

"मोजली," बाबा म्हणाले. माझ्या स्टुलावर बसून.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे नव्हतं. या माणसापुढं मला माझीच फार लाज वाटली.

व्हिडिओ माझ्या कॉम्प्युटरवर काढून मग लिनक्स टाकलं, व्हिडिओ परत त्यात ठेवला. सुरक्षित म्हणून एक प्रत माझ्याकडे ठेवू का, असं विचारलं तर एकदम पहिल्यासारखे झाले. "आमची मंडळी तुमच्या दुकानात कशाला?" आणि माझ्याकडची प्रत समोर बसून पुसायला लावली.

महिनाभरानं परत आले. नवा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मुलीकडून प्रत करून आणली होती. "ठिवा तुमच्यापाशी. घरचं काय बी व्हतं." मला भरून आलं. मग नीट पाहिलं. टोपण आणि पेनड्राइव्ह यांच्या सांध्यावरून लाल रंग ओढला होता, म्हणजे उघडला की रंग तुटणार.

तेव्हापासून ओतूरच्या बाजाराला आले की आधी दुकानात यायचे. मी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढायचो, ते उन्हात धरून सांधा तपासायचे आणि परत द्यायचे. "न्हाई उघडला," म्हणायचे. यात शाबासकी होती की थोडी निराशा, ते मला कधी कळलं नाही.

मग काही बाजार ते आलेच नाहीत.

परवा त्यांची मुलगी आली. आबा गेले, म्हणाली. लॅपटॉपची डिस्कही बंद पडली, कुणालाच उघडेना. तिनं फोनवर घेतलेली प्रतही उरली नव्हती. "मेंढरं हायेत अजून. आबा रोज त्यांना आईचा आवाज ऐकवायचे. म्हणायचे, ओतूरला एक ठेवलाय, पण आधी रंग बघ."

मी पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला. तिनं उन्हात धरला, अगदी तसाच. रंग शाबूत होता. ती नख लावणार, तोच मी म्हणालो, "जरा थांबा."

कोपऱ्यातलं स्टूल उचलून आणलं आणि गुडघे टेबलाला टेकतील इतक्या जवळ ठेवलं. पडदा तिकडे वळवला.

"बाबा, तुमच्यासमोर उघडतोय," मी म्हणालो, आणि मग तिनं रंग खरवडला.