चढण्याआधीची फेरी

माझा नवरा झाडांभोवती फेऱ्या मारतो, हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. तो फांद्या छाटायची कामं घेतो एवढं माहीत होतं. पण चढण्याआधी तो झाडाभोवती सावकाश फिरतो, मान वर करून, तोंडातल्या तोंडात पुटपुटत, हे धाकट्या दिरानं सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. जेवायला वाढताना मी विषय काढलाच.

"आमी वडाला फेऱ्या मारतो त्या सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून. तुमाला काय पुढच्या जन्मी कडूलिंब पाहिजे का?"

"लिंब निदान येवढे प्रश्न तं विचारत न्हाई," तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

प्रश्न विचारायची खोड मला लहानपणापासूनची. माहेरी परतूरला मला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणायचे, आणि वर म्हणायचे की स्टेशनातली खिडकी दुपारी बंद तरी असते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एखादी गोष्ट का, हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही, त्याला मी काय करणार!

तर त्या फेरीचंही मी खोदून खोदून विचारलं. तो मंत्रबिंत्र म्हणत नव्हता. वाळकी फांदी कोणती, मोहोळ कुठं, झाड कोणत्या अंगाला झुकलंय, पडणारी फांदी पत्र्यावर जाईल की अंगणात, वरून तार गेलीय का, असं एकेक स्वतःला सांगत फिरायचा. शेवटी कुऱ्हाडीच्या पाठीनं खोड ठोकून ऐकायचा. बाजारात खरबूज घेताना आपण वाजवून बघतो तसं. आतून पोकळ बोललं तर त्या झाडावर चढायचंच नाही.

सासरची माणसं मुळात मेंढरांमागची. सासरे अनवाणी बाभळीवर चढून शेळ्यांना पाला पाडायचे, आणि नवरा चढायला त्यांच्याकडूनच शिकला. पट्टा लावायला मात्र तो जालन्याच्या एमआयडीसीत शिकला. तिथं काही वर्षं तो शेडवर पत्रे चढवायच्या कामाला होता आणि कमरेला पट्टा असल्याशिवाय कुणाला शिडीला हात लावू देत नसत. ती सवय त्यानं झाडावर आणली. हेल्मेट, गॉगल, पट्टा, दोन दोर असा सगळा सरंजाम घालून तो पहिल्यांदा निघाला तेव्हा सासरे ओट्यावरून म्हणाले, "झाडावर चाल्ला का लगीन लावायला?" मला खरं तर तो त्या वेशात भारी दिसतो. पण हे मी त्याला सांगितलेलं नाही, आधीच डोक्यावर हेल्मेट, त्यात हवा कशाला भरा.

त्याचे नियम ऐकून मला गंमत वाटायची. शेवग्यावर चढायचं नाही, तो काकडीसारखा मोडतो. उपवास असेल त्यानं त्या दिवशी जमिनीवरच राहायचं, मग एकादशी असो की सोमवार. करवत खांद्याच्या वर न्यायची नाही. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, नाहीतर ती साल सोलत येऊन आपल्यालाच बडवते. आणि माझ्यासारखीसाठी सगळ्यात जाचक नियम म्हणजे काम चालू असताना खालून फक्त दिरानं बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून घ्यायचं.

"आन मला काही दिसलं तं?" मी विचारलं होतं.

"तं 'थांब' म्हणायचं. येवढा येकच शब्द. तो कुणीबी म्हणावा, लेकरानं म्हणला तरी मी हातातलं काम सोडतो. का म्हणला ते मंग विचारतो."

आधी थांबायचं आणि मग कारण विचारायचं! मला हे उलटंच वाटलं. मी आधी कारण विचारते आणि थांबत तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात मला माहेरी जायचं होतं आणि त्या दोघा भावांचं मंठ्याच्या अलीकडे एका गावात काम होतं. काम उरकून परतूरला सोडतो म्हणाला, म्हणून मीही टेम्पोत बसले. मला माहेरापेक्षा ती फेरी डोळ्यांनी बघायची घाई झाली होती.

घर गावाच्या टोकाला होतं आणि मागं लगेच गव्हाचं रान. अंगणात मोठा लिंब आणि त्याच्या शेंड्यातून विजेच्या तारा गेलेल्या. नवऱ्यानं फेरी मारली, खोड ठोकलं, मग तारांकडं बघत थांबला.

"मालक, लाईट?"

"गेली की मघाच," मालक म्हणाले. आतल्या छताच्या पंख्याकडं त्यांनी बोट केलं. पंखा गपगार लटकला होता. "हातच्या काकणाला आरसा कशाला? आता सांजंपर्यंत येत न्हाई. चढा बिनधास्त."

नवऱ्यानं पंखा बघितला, दिरानं बघितला, मीही बघितला. नवऱ्यानं पट्टा अडकवला आणि दोर टाकत वर गेला. मी ओट्यावर तोंड मिटून बसले. पण किती वेळ बसणार? घरमालकीणबाई गोठ्यामागच्या हौदावर भांडी घासत होत्या, मी त्यांच्याकडं गेले.

हौदात पाइपातून मनगटाएवढी धार पडत होती. मी हात धुतले. पाणी कोमट, विहिरीतून आत्ताच उपसलेलं. आणि माझ्या मनात आलं, लाईट गेली तर ही धार कशी?

"काकू, सोलर बसवलंय का?"

"कशाचं सोलर बाई. अर्ज करून करून दमले आमचे हे."

"मंग इंजिन?"

"इंजिन गेल्तं मागंच भंगारात. लाईटीवरच हाय मोटर. शेतीला या हप्त्यात दिवसा लाईट देऊन राह्यले न्हाई का."

"पर घरची तं गेली!"

"घरची येगळी, शेतीची येगळी," बाई राख लावत म्हणाल्या. "ती बघा की, आमच्या लिंबातूनच रानात जाती."

आपण सगळे 'लाईट आली', 'लाईट गेली' म्हणतो, जणू ती एकच बाई आहे. इथं तर एका घरात दोन जावा होत्या. एक माहेरी गेली म्हणून सगळे निवांत, आणि दुसरी तिथंच उभी होती, माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर.

मी गोठ्याला वळसा घालून धावले. तो वर पट्ट्यावर रेललेला, करवत फांदीला लावलेली, आणि त्या फांदीचा शेंडा तारेला टेकायच्या बेतात. मला मालक दिसले नाहीत, दीर दिसला नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "थांब!"

लग्नानंतर पहिल्यांदाच मी नवऱ्याला चारचौघांत अरेतुरे केलं. त्याचा हात जागच्या जागी थिजला. त्यानं करवत हलवली नाही, मान वळवली नाही.

"का?" वरून अगदी हळू आवाज आला.

"मोटर चालू हाय! तारंत करंट हाय!"

तो ज्या वाटेनं चढला त्याच वाटेनं, खोडाला चिकटून, एकेक पाय टेकवत उतरला. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. पाय जमिनीला लागल्यावर त्यानं हेल्मेट काढलं आणि तो खोडाला पाठ लावून बसला. माझा जीव भांड्यात पडला. मालकांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "मी तं पंखा बघून बोल्लो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना काय बोलणार? आम्हीही पंखाच बघितला होता.

मग वायरमनला फोन केला. तो मोटारसायकलवर आला, तारा बघून त्यानं कपाळावर हात मारला आणि रानातली लाईन बंद करून आला. हौदातली धार बारीक होत थांबली. नवऱ्यानं ती थांबलेली स्वतः जाऊन बघितली, पाइपाच्या तोंडाला हात लावला, मग पुन्हा लिंबाभोवती पहिल्यापासून फेरी मारली. या वेळी मला हसू आलं नाही. फांद्या दोरानं अंगणात उतरल्या आणि दुपार कलताना आम्ही निघालो.

मंठ्यात चहाला थांबलो. दीर चहा देऊन टेम्पोतले दोर बांधायला गेला. नवरा माझ्याकडं बघत होता.

"गपच बसली आज. विचार की काई. आज कितीबी विचार."

एकच प्रश्न होता. तो मला दुपारपासून टोचत होता.

"याच्या आधी कितींदा तुमी नुसता पंखा बघून चढले?"

तो हसेल असं वाटलं होतं. पण तो खरंच आठवू लागला. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. करंगळी संपली, मग शेजारचं बोट. तिसऱ्या बोटावर अंगठा आला तेव्हा मी त्याची मूठ मिटून घट्ट धरली.

"राहू द्या," मी म्हटलं. "चहा गार होऊन राह्यला."