चौदावा डबा

चित्रपटाचा शेवट चोरीला गेल्याची तक्रार माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच आली. ती निपाणीतली सकाळ मी अजून विसरलेलो नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा तिथे फौजदार होतो. तक्रारदार बेळगावातल्या खासबागचे एक चित्रकलेचे मास्तर. चार वर्षं खपून त्यांनी चित्रपट काढला होता. परग्रहावरचं यान तंबाखूच्या वखारीवर उतरतं, विडी वळणाऱ्या एका बाईला उडण्याची शक्ती मिळते आणि ती जुलमी वखारवाल्यांशी लढते, अशी कथा. बेळगावात तो लागला आणि टीकाकारांनी सोलून काढला. ग्रह पत्र्याचा आहे, बाईला बांधलेल्या तारा दिसतात, असं छापून आलं. आता तो निपाणीत, विडी वळणाऱ्या बायकांसमोरच, दुपारी तीनला लागणार होता. एकुलत्या एक प्रतीचे, रिळांचे चौदा डबे एसटीच्या टपावरून निघाले होते, पण थिएटरात मोजले तर शेवटचा गायब. अपुरा चित्रपट दाखवणार नाही, असं मॅनेजरने सांगून टाकलं होतं.

चोरी झाली की आधी हमालाला आणून बसवायचं, ही ठाण्याची जुनी खोड. मीही तेच केलं. आज त्याची लाज वाटते.

हमाल म्हणाला, "सायेब, चौदा डबं मी मोजून उतरवलो. ऑपरेटर आप्पांनी सही क्येलीया. आमच्या गरिबाच्या सहीला किंमत न्हाय, त्यांच्या तरी सहीला हाय का न्हाय?"

पावती पाहिली. सही होती. म्हणजे डबा थिएटरात पोचून नाहीसा झाला होता.

मी मास्तरांना घेऊन वर मशीनच्या खोलीत गेलो आणि आधीचं तेरावं रीळ तरी शाबूत आहे का, हे बघायला तिथे बसलेल्या आप्पांना ते उलगडायला लावलं. त्याच्या टोकाला 'समाप्त' ही पाटी जोडलेली निघाली. मास्तर चमकले. ती पाटी चौदाव्या रिळाची होती. जोडाला फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा उग्र वास अजून येत होता. वाईटावर असलेला चोर 'समाप्त' कशाला लावून जाईल? चित्रपट नीट संपावा असं वाटणाऱ्याचंच हे काम.

"आप्पा, डबा कुठाय?" मी आवाज चढवला.

म्हाताऱ्या ऑपरेटरने ब्लेड खाली ठेवलं. "पडद्यामागं, मोडक्या खुर्च्यांखाली. मीच ठेवलोय."

"का?"

"बेळगावला बघाय गेलतो. ती शेवटाला उडती तवा लोक लई हसली. मास्तर मागं बसलेले. त्यांचं तोंड बघितलो मी. हितं त्या बायाच हसल्या तर हा माणूस पुन्यांदा कॅमेरा हातात धरंल व्हय?"

मास्तरांनी ते ब्लेड उचलून 'समाप्त'ची पाटी जोडावरून कापली. मग म्हणाले, "आप्पा, हसू द्या की. पण ती उडाली, एवढं तरी बघू द्या त्यास्नी."

तक्रार मास्तरांनी तिथेच मागे घेतली. एफआयआर झालाच नव्हता. स्टेशन डायरीत 'डबा मिळाला' एवढी नोंद करून मी हमालाची माफी मागितली.

तीनच्या खेळाला मीही उभा राहिलो. चित्रपट कच्चाच होता. टीकाकारांनी खोटं काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी बाई वखारीच्या छपरावरून उडाली आणि पुढच्या बाकावरून आवाज आला, "अगं, तार दिसतीया की गं!" हशा पिकला.

लगेच दुसरी ओरडली, "दिसू दे! आपल्याला तारंनं तरी उचललंय का कुणी आजवर?"

मग टाळ्या सुरू झाल्या, त्या दिवे लागले तरी थांबेनात.

माणसाला जपण्यासाठीही गुन्हा होतो, हे त्या दिवशी कळलं. आणि कष्टकरी बायकांना काय भावेल, हे परस्पर ठरवण्याचा हक्क कुणालाच नाही. पेपरवाल्याला नाही, मायेच्या माणसाला नाही आणि खाकी कपड्यातल्या माझ्यासारख्याला तर नाहीच. दारात त्या बायकांनी मास्तरांना गराडा घातला होता. एकजण विचारत होती, "मास्तर, फुडच्या पिच्चरात ती उतरती कुठं? आमच्या गल्लीत उतरवा की!"

मास्तर खिशात पेन्सिल शोधत होते.