गोलकीपर राहून गेला

खेळांनी इतका दमलेला माणूस सबंध कॅनडात दुसरा नसेल, आणि त्याने आयुष्यात कधी बॅट हातात धरलेली नाही. हा माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा मावसभाऊ. ब्रॅम्पटनच्या एका लहानशा रेडिओ स्टेशनवर तो बरीच वर्षं मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत खेळांवर बोलत असे. हिंदीत, मधूनमधून इंग्रजीत, आणि फारच वैताग आला तर मराठीत. ऐकायला ट्रकवाले, वेअरहाउसमधली रात्रपाळी आणि झोप उडालेले म्हातारे. कुणी ड्रायव्हर फोन करून विचारी की गोलकीपर बदलायला हवा होता का, आणि बोलता बोलता स्वतःच्या गुडघ्यावर, मग गावाकडच्या आईवर जाई. मेहुणा फक्त म्हणे, "बोलो, सुन रहा हूँ." गोलकीपर राहून जाई.

जगाची संध्याकाळ ही त्याची सकाळ. आमच्याकडे जेवायला बोलावलं तर तो डोळे चोळत येई आणि पुरणपोळीच्या ताटाकडे बघून पोहे मिळतील का विचारी. आरतीला उभ्याउभ्या झोपे, टाळ्या मात्र ठेक्यात. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात मंडळाचे अध्यक्ष संस्कृतीवर बोलू लागले ते थांबेनात. पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या मेहुण्याने डोळे न उघडता सांगितलं, "धन्यवाद साहेब, लाइनवर आणखी लोक आहेत." अध्यक्ष खाली बसले. समाजाची एवढी सेवा आमच्यात दुसऱ्या कुणी केलेली नाही.

त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, मागणं एकच होतं. रात्रीचं जेवण नवऱ्याबरोबर व्हावं आणि नंतर तो घरात असावा. गेल्या हिवाळ्यात ते मिळालं. रेडिओने रात्री जुनी रेकॉर्डिंग लावायची ठरवली आणि मेहुण्याला दुपारची वेळ दिली. सगळ्यांनी अभिनंदन केलं, कुणीतरी केकही आणला. मेहुणा महिनाभरातच सुकला. "भाऊजी, दिवसा लोकांना नुसती मतं असतात," तो मला म्हणाला. "ती सांगतात आणि फोन ठेवतात."

रात्री झोप येईना ती येईनाच. त्यात रात्रीच्या जुन्या श्रोत्यांनी कुठून तरी त्याचा मोबाइल नंबर मिळवला. मला वाटतं, त्यानेच दिला. आता जेवण झालं की तो फोन घेऊन बेसमेंटमध्ये उतरतो आणि पहाटे वर येतो.

परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा हा सोफ्यावर मोबाइल हातात धरूनच झोपला होता. वहिनी चहा गाळत होत्या. मी सहानुभूतीच्या तयारीने बसलो.

"आधी पगार घेऊन करायचा, आता फुकट करतो, एवढाच फरक," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून सांगू लागल्या की हीटिंगची गरम हवा येते त्या व्हेंटमधून त्याचं सगळं बोलणं बेडरूममध्ये ऐकू येतं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचा कार्यक्रम कधी ऐकलाच नव्हता. सकाळी कामावर जायचं असे, रात्र झोपेत जाई.

"लग्नाला एवढी वर्षं झाली, भाऊजी. हा इतकं ऐकून घेतो, हे मला माहीतच नव्हतं."

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"काल मीच वरून फोन लावला."

"काय बोललात?"

"गोलकीपरचं विचारलं. स्क्रीनवर माझं नाव दिसलं असणारच ना त्याला. तरी म्हणाला, बोलो, सुन रहा हूँ."

"मग?"

त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. "मग काय, गोलकीपर राहून गेला."