पार्वतीआतेने बांधलेली माशी

आमच्या पार्वतीआतेने आयुष्यात एकच मासा पाण्यात परत सोडला, आणि त्यापायी अख्ख्या वाडीने तिला थापाडी ठरवलं.

आज सकाळी आते गेली.

रडून झालंय. आता मला त्या माशाबद्दल सांगायचंय. इतकी वर्षं कुणी धड ऐकूनच घेतलं नाही!

आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आमच्याच घरी राहिली. पेडण्याच्या बाजारात आबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, विकायची. केळीचा ओला दोर, दोन बोटं, आणि गाठ अशी की फूल सुकेल पण सुटणार नाही.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मी म्हापशाला कॉलेजात होते. आमची पडवीतली खोली एका गोऱ्या पाहुण्याला भाड्याने दिली होती.

एकदा आतेने ती खोली झाडली. टेबलावर उघडी डबी, आत मेलेली चिलटं. शी!

तिने ती सगळी केरात टाकली.

संध्याकाळी पाहुणा वेड्यासारखा घरभर शोधतोय. "माय फ्लाइज! माय फ्लाइज!"

"कितें म्हणटा गो तो?"

"आते, त्याच्या माशा हरवल्या."

"माशांखातीर रडटा? आमच्या गोठ्यात व्हर ताका. जाय तितल्यो आसात!"

त्याला गोठ्यात न्यायच्या आधीच उलगडा झाला. ती चिलटं नव्हतीच. बारक्या गळाला पीस आणि दोरा बांधून केलेल्या खोट्या माशा होत्या, मासा फसावा म्हणून. एकेक तांदळाच्या कणीएवढी!

केरसुणीत एक अडकलेली सापडली. आतेने ती बोटावर घेऊन उलटीसुलटी केली आणि ओरडलीच.

"अगो, ही तर फातीची गाठ!"

झालं. केळीच्या दोरातून केसाएवढी तार काढली. आमच्या कोंबड्याच्या मानेचं पीस उपटलं (तो आठवडाभर आतेला बघून पळत होता). पाहुण्याकडून रिकामे गळ घेतले. पहिली माशी झुरळासारखी झाली. पण मग जी जमली, ती बघून पाहुणा अंगणात नाचला. जाताना उरलेले गळ आणि दोरी तिलाच देऊन गेला.

तेव्हापासून आतेला वेडच लागलं.

शेजारचे भिकाजीकाका रोज कुंपणावरून विचारायचे, "पार्वती, माशा मारता गे?"

"मारिना रे, बांदता!"

"पिसाक मासो फसलो जाल्यार हांव मिशयो काडटलों!"

मिशा उतरवायची ही पैज आतेने फार मनावर घेतली. मासा धरायचा तर पिसावरच, गांडुळाला हात लावायचा नाही.

आणि एका सकाळी, पाऊस उघडलेला, व्हाळाचं पाणी निवळलेलं, आम्ही दोघीच. तिने बांबूच्या काठीने माशी अलगद पाण्यावर टेकवली.

फट्ट!

काठी वाकली, आते पाण्यात, मी तिच्या पदराला धरून! बाहेर आला तो खवळा मासा, माझ्या कोपरापर्यंत लांब. शपथ!

"भिकाजीक आपय! वेगीन आपय!" आते नाचत होती.

मी काकांना बोलवायला वळले, तोच ती एकदम थांबली. "आज कितें वार गो?"

श्रावणातला सोमवार.

तिने कपाळावर हात मारला. सोमवारी घरात नुस्तं, म्हणजे मासळी? तेही श्रावणात? गळ सोडवला, माशाला हात जोडले आणि सोडून दिला. फोटो नाही, प्रूफ नाही.

भिकाजीकाका पोट धरून हसले. "गोंयचो मनीस नुस्तें सोडटा? कोणाक सांगता!"

मी साक्ष दिली. तर म्हणे, तू तिचीच भाची.

तेवढा मासा पुन्हा कधी लागला नाही. आते शेवटपर्यंत माशा बांधत राहिली आणि चिडत राहिली.

आज तिच्या केसात माळायची फाती मी बांधली, तिनेच शिकवलेल्या गाठीने. शेवटच्या गाठीत तिची सगळ्यात बारीक माशी अडकवली.

दर्शनाला भिकाजीकाका आले. आता काठी टेकत चालतात. आतेच्या केसांवर माशी बसलेली पाहून त्यांनी हात हलवला. माशी हलली नाही. परत हाकलली. मग ते खाली वाकले. चष्मा लावून बघत राहिले.

"पार्वतीन बांदल्या ही?"

मी मान हलवली.

त्यांचा हात मिशीवर गेला. डोळे भरले.

"हिका मासो फसतलोच गो."

आते, ऐकलंस ना?

जा आता खुशाल. आणि यावेळी धरलास तर सोडू नकोस. आज सोमवार नाही.